उंबरठ्याबाहेरचे मित्र



मागच्या पालकसभेनंतर एका ताईंनी आम्हांस हळूच विचारले, "सर, सहलीच्या बसमध्ये आमच्या धाकट्याला आपल्याच मुलांबरोबर बसवाल ना?" प्रश्नात द्वेष नव्हता, काळजी होती. म्हणून उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

आपली मुले सयाजीबागेत नेहमी जातात. जुनी मंडळी तिला कमाटीबाग म्हणतात. १९१७ साली रात्री नऊच्या मुंबई गाडीची वाट पाहत भीमराव आंबेडकर याच बागेत सुमारे पाच तास बसून होते. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून ते संस्थानच्या नोकरीत आले होते. कोठे जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून पारशांच्या एका विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना घालवले. मग ते दोन मित्रांकडे गेले. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर घरचे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी परगावी आहे, तिला विचारून सांगतो. हे सारे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे.

आम्हांस काठ्यांपेक्षा हे दोन मित्र अधिक अस्वस्थ करतात. माणसे वाईट नसावीत. मैत्री होती, पण ती उंबरठ्याबाहेरची. आमचा तर्क असा, की असा पाहुणा त्या घरांत पूर्वी कधी जेवला असता, तर उत्तर निराळे आले असते.

हा इतिहास झाला म्हणावे, तर याच शहरात हरणीच्या सरकारी गृहयोजनेत एका मुस्लीम महिलेला मिळालेल्या घराला २०२४ मध्ये तेथील काही रहिवाशांनी विरोध केला. वस्त्याच वेगळ्या होत गेल्या, तर मुलांनी एकमेकांना भेटायचे कोठे? उरते ती शाळा.

गेल्या वर्षी सिटी बसमध्ये दोन आफ्रिकन विद्यार्थी शेजारी येताच आमची नववीची मुले उठून पुढे गेली. (वर्गात हीच मुले 'विविधतेत एकता' या विषयावर उत्तम निबंध लिहितात!) एक मुलगी तेवढी बसून राहिली, गप्पाही मारल्या. आफ्रिकेतले कोणी तिच्या ओळखीचे नव्हते. मात्र तिच्या सोसायटीत गुजराती, मल्याळी, बोहरी मुले रोज एकत्र खेळतात, एकमेकांच्या घरी जेवतात. परक्या चेहऱ्याची भीती तिच्या मनातून आधीच गेली होती. ताई, सुरक्षित कोण होते, सांगा बरे?

नुसते शेजारी बसवून भागत नाही, हेही खरे. ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच लिहिले, की बरोबरीचे नाते, एकच काम आणि वडीलधाऱ्यांचा पाठिंबा हवा. मॅथ्यू लो यांनी उत्तर प्रदेशातील तरुणांच्या क्रिकेट सामन्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. एकाच संघात खेळलेल्यांची इतर जातींशी मैत्री वाढली. विरुद्ध संघांत खेळलेल्यांची मात्र उलट घटली.

तेव्हा सहलीच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरतील. क्रिकेटचे संघही तसेच. विश्वस्तांना आमची विनंती आहे, की शेजारच्या शाळेशी होणाऱ्या सामन्यांत दोन्ही शाळांची मुले मिसळून संघ करण्यास परवानगी द्यावी. चषक कोणाच्या कपाटात ठेवायचा, हा प्रश्न येईल खरा. सहा-सहा महिने ठेवू.