सायकलची मूठ आणि हाताची नस

सायकल विकत घेताना माणूस चाके फिरवून पाहतो, ब्रेक दाबतो, घंटी वाजवतो, रंगावर आणि किमतीवर घासाघीस करतो. ज्या दोन मुठींवर रोज हात टेकायचे, त्या मात्र जशा लावून येतात तशाच स्वीकारल्या जातात. महिनाभराने करंगळीला मुंग्या येऊ लागतात, तळहात बधिर होतो, मनगट ठणकते. ‘सवय नाही, होईल हळूहळू’ म्हणून दिवस ढकलले जातात आणि एक दिवस सायकल ओट्याच्या भिंतीला टेकून उभी राहते ती राहतेच. व्यायाम सुटतो, पायपीट किंवा पेट्रोलचा खर्च सुरू होतो. या सगळ्याच्या मुळाशी अनेकदा बोटभर जाडीचे, चुकीच्या मापाचे रबर असते.

हिंगोली जिल्ह्यात सायकल ही हौसेची वस्तू नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत ये-जा करण्यासाठी सायकल मिळते. सेनगाव, औंढा, कळमनुरीकडच्या अनेक गावांत मुलगी दहावीपर्यंत शिकते की नाही, हे शाळा किती लांब आहे यावरही ठरते. तिथे सायकल चालवणे नकोसे होणे ही छोटी गोष्ट ठरत नाही. दुसरीकडे घडीच्या सायकलीचा उपयोगही इथे सहज पटण्यासारखा आहे. हिंगोली डेक्कन हे पूर्णा–अकोला लोहमार्गावरचे स्थानक. घरून स्थानकापर्यंत सायकल, गाडीत तिची घडी, उतरल्यावर पुन्हा सायकल, अशी सोय नोकरीसाठी रोज ये-जा करणाऱ्याला मिळू शकते. मात्र घडीच्या सायकलीत मुठीचा प्रश्न साध्या सायकलीपेक्षा अधिक तीव्र होतो.

त्याचे पहिले कारण चाकात आहे. नेहमीच्या सायकलीचे चाक २६ किंवा २८ इंची असते, घडीच्या सायकलीचे बहुधा १६ किंवा २० इंची. मोठे चाक छोट्या खड्ड्यावरून सरकून जाते, लहान चाक त्याच खड्ड्यात अधिक खोल उतरते. त्यामुळे धक्का जोरात बसतो आणि तो हँडलमधून थेट तळहातात येतो. दुसरे कारण हँडलचे. ते बहुधा एक सरळ, आखूड नळी असते. शर्यतीच्या सायकलीवर हात ठेवायला तीन-चार जागा मिळतात, इथे एकच. तासभर तळहाताचा तोच भाग दाबला जातो. मुठीतच फिरवायचा गिअर असेल तर उजवी ग्रिप डावीपेक्षा आखूड पडते आणि अर्धा हात कडक प्लास्टिकवर टेकतो.

तळहातात नेमके काय दबते, हे समजले की निवड सोपी होते. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला दोन छोट्या हाडांमधून एक अरुंद वाट जाते. फ्रेंच शल्यविशारद फेलिक्स ग्युयाँ यांनी १८६१ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. या वाटेने जाणारा मज्जातंतू, म्हणजे बोलीभाषेतली नस, करंगळीला आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला संवेदना देते. बोटे फाकवणाऱ्या आणि जवळ आणणाऱ्या बारीक स्नायूंनाही तीच चालवते. तळहाताची ही कड हँडलवर सतत दाबली गेली की करंगळीला मुंग्या येतात. मनगटाच्या मधोमध दुसरी नस आहे. मनगट मागे वाकवून बराच वेळ धरले की तिच्यावर ताण येतो आणि अंगठा, तर्जनी, मधले बोट बधिर होते. म्हणजे कोणते बोट बधिर होते त्यावरून दाब कुठे पडतो, याचा बराच अंदाज बांधता येतो.

हा त्रास नाजूक हातांचाच असतो असेही नाही. अमेरिकेत २५ सायकलस्वारांची ६०० किलोमीटरच्या प्रवासाआधी आणि नंतर तपासणी करण्यात आली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २५ पैकी २३ जणांच्या हातात बधिरपणा, अशक्तपणा किंवा दोन्ही आढळले. त्यात सरावलेले सायकलस्वारही होते. शाळेपर्यंतचे चार-पाच किलोमीटर आणि ६०० किलोमीटर यांची बरोबरी करता येणार नाही. पण हळद शिजवणे, कापूस वेचणे, खुरपणे अशा कामांनी आधीच थकलेल्या हाताची, किंवा मधुमेहामुळे नाजूक झालेल्या नसांची सहनशक्ती मुळातच कमी असते, हे विसरू नये.

मग ग्रिप कशी निवडावी? दुकानात बहुतेक जण ती बोटांनी दाबून पाहतात आणि सर्वांत मऊ असेल ती घेतात. इथेच फसगत होते. फार मऊ स्पंज किंवा जेल हाताच्या भाराने पूर्ण दबते, खालची नळी पुन्हा टोचू लागते आणि पकड डळमळीत झाल्याने हात ती अधिक घट्ट आवळतो. मऊपणापेक्षा आकार महत्त्वाचा. दाब एका रेषेवर न पडता तळहाताच्या मोठ्या भागावर पसरला पाहिजे. बाहेरच्या बाजूला पंखासारख्या पसरट असलेल्या ग्रिप यासाठीच बनवलेल्या असतात. तळहाताची कड त्या रुंद भागावर टेकते आणि मनगट मागे मोडत नाही. लांबच्या वाटेसाठी त्या उत्तम. मात्र तो पंख योग्य कोनात बसवावा लागतो. वर किंवा खाली कलला तर मनगट उलट अधिक वाकते.

जाडी हाताच्या मापाची हवी. ग्रिप मुठीत धरल्यावर नखे तळहातात रुतत असतील तर ती बारीक आहे. अंगठा आणि मधले बोट यांच्यात मोठे अंतर राहत असेल तर ती जाड आहे. दोन्ही बोटे एकमेकांना सहज टेकली तर माप जमले. बारीक ग्रिप आवळून धरावी लागते, जाड ग्रिपवर बोटे ताणली जातात. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचा आणि तिच्या वडिलांचा हात एका मापाचा नसतो. एकच सायकल दोघे वापरत असतील तर मूठ मुलीच्या हाताची असावी, कारण घसरण्याचा धोका लहान हाताला अधिक.

घडीच्या सायकलीसाठी आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. सरळ हँडलची नळी ग्रिपच्या जागी बहुधा २२.२ मिलिमीटर जाडीची असते, तरी जुनी ग्रिप सोबत नेऊन माप जुळवलेले बरे. गिअर मुठीत असेल तर उजवीकडे आखूड ग्रिपची जोडी मागावी. लांब ग्रिप कापून बसवता येते, पण सगळ्याच कापता येत नाहीत. आणि ग्रिप बसवल्यावर दुकानातच सायकलची घडी घालून पाहावी. अनेक सायकलींत हँडल खाली मुडपून चाकाशेजारी येते. तिथे पसरट पंख अडकला, तर सोयीसाठी घेतलेली सायकलच गैरसोयीची होते.

पदार्थ निवडताना इथल्या उन्हाचा विचार हवा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दिवसभर उभ्या सायकलीचे हलक्या प्रतीचे रबर चिकट होते, स्पंज घाम शोषतो आणि काही महिन्यांत तुटू लागतो. चांगले रबर किंवा सिलिकॉन यापेक्षा टिकते. बोल्टने आवळता येणारी ग्रिप थोडी महाग पडते, पण ओल्या हातातही फिरत नाही आणि पसरट ग्रिपला तर ती सोय हवीच. साधी ग्रिप चढवताना तेल किंवा ग्रीस कधीच लावू नये. स्पिरिटचे दोन थेंब पुरतात, ते उडून जाते आणि ग्रिप घट्ट बसते. तेल लावलेली ग्रिप नेमकी उतारावर हातातून निसटते.

मात्र ग्रिप बदलून सगळे सुटेल, असेही नाही. शरीराचा भार हातांवर येत असेल तर कोणतीही मूठ टोचेलच. बैठक पुढे झुकलेली असली की माणूस घसरत पुढे येतो आणि हातांनी स्वतःला रेटत राहतो. म्हणून बैठक सपाट असावी. घडीच्या सायकलींत हँडलची उंची बरेचदा बदलता येते. ती थोडी वाढवली की भार पाठीवर आणि बैठकीवर येतो. दांड्यावर कमाल उंचीची खूण असेल तर तिच्या वर दांडा ओढू नये. ब्रेकची दांडी बोटे आणि हात एका सरळ रेषेत राहतील अशी, थोडी खाली झुकलेली हवी. टायरमध्ये, त्यावर छापलेल्या मर्यादेच्या आत, दगडासारखी कडक हवा भरू नये. आणि चालवताना कोपर ताठ न ठेवता किंचित वाकवलेले ठेवले की अर्धा धक्का तिथेच जिरतो. यांतल्या बहुतेक दुरुस्त्यांना पाना आणि पाच मिनिटे एवढेच लागते. त्या आधी कराव्यात, ग्रिप नंतर बदलावी.

मुठीकडे पाहण्याचे याहून गंभीर कारण मुलांच्या सुरक्षिततेचे आहे. ग्रिपचे टोक फाटून नळीची धातूची कड उघडी पडलेली असते आणि तशीच सायकल वर्षानुवर्षे चालते. मूल पडले आणि ती कड पोटात घुसली, तर बाहेर लहानसा व्रण दिसतो आणि आत यकृत, प्लीहा किंवा आतड्याला इजा झालेली असू शकते. बालशल्यचिकित्सकांना ही दुखापत चांगली माहीत आहे. हँडल पोटात लागल्यानंतर पोट दुखत असेल, उलटी होत असेल, तर हळद लावून घरी थांबू नये, रुग्णालय गाठावे.

बधिरपणाचेही तसेच. सायकलवरून उतरल्यावर काही मिनिटांत जाणाऱ्या मुंग्या ही सूचना समजावी. पण दुसऱ्या दिवशीही बोट बधिर असेल, शर्टाची गुंडी लावताना बोटे चुकत असतील, बोटांमध्ये धरलेला कागद सहज ओढून निघत असेल, तर सायकल काही दिवस बंद ठेवून डॉक्टरांना दाखवावे. वेळेत दाब काढला तर नस बहुधा पूर्ववत होते. महिनोन्‌महिने दुर्लक्ष केले तर हातातले बारीक स्नायू वाळू लागतात आणि ते भरून येणे अवघड होते. बधिर हाताने ब्रेक उशिरा दाबला जातो, हा धोका वेगळाच.

शाळकरी मुलींच्या सायकलींबाबत यातून सरळ काही करता येईल. सायकल घ्यायला जाताना मुलीला सोबत न्यावे आणि मूठ तिच्याच हातात देऊन पाहावी. बोटे ब्रेकपर्यंत पोचतात का, हे दुकानातच तपासावे. पोचत नसतील तर अनेक ब्रेकच्या दांडीवरचा छोटा स्क्रू फिरवून ती जवळ आणता येते. शाळांनी सत्राच्या सुरुवातीला एक दिवस गावातल्या सायकल दुरुस्तीवाल्याला बोलावून ब्रेक, बैठक आणि ग्रिप तपासून घ्याव्यात. फाटलेल्या ग्रिपची जोडी बदलण्याचा खर्च सायकलच्या किमतीपुढे किरकोळ आहे, तो शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवाक्यातला आहे. सायकल दिली की योजनेची नोंद पूर्ण होते. ती मुलगी बारावीपर्यंत त्याच सायकलवर शाळेत येते का, याची नोंद ठेवायला लागल्यावर अशा किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंकडेही लक्ष जाईल.