जुने गुच्छबॉम्ब खरोखरच निवृत्त झाले काय?

विमानातून टाकावयाचे जुन्या घडणीचे गुच्छबॉम्ब, ज्यांना सर्रास क्लस्टर बॉम्ब म्हणतात, ते आता कोणत्याही सुसज्ज हवाई दलाच्या सेवेत उरलेले नाहीत, आणि म्हणून त्यांच्या बंदीची चर्चा करणे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे होय, असे मत मी कलकत्त्यात सुशिक्षित मंडळींकडून वारंवार ऐकतो. कोकणातील जलदुर्गावरून ज्याला आता विजयदुर्ग हे नाव मिळाले आहे त्या फोर्ट विल्यमच्या सावलीत, मैदानावर फिरावयास येणाऱ्यांत लष्करी विषयांची आस्था पुष्कळ आहे, त्यामुळे या मताची उपेक्षा करून चालत नाही.

पूर्वपक्षाजवळ दाखले आहेत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. उत्तर बंगालातील हासीमारा तळावरील मिग-२७ विमाने २०१७ च्या अखेरीस निवृत्त झाली आणि त्या जातीची शेवटची विमाने २०१९ च्या डिसेंबरात जोधपूर येथे निवृत्त झाली; ब्रिटनने आपल्या गुच्छास्त्रांचा सारा साठा २०१३ च्या डिसेंबरपर्यंत नष्ट केला; अमेरिकेतील टेक्स्ट्रॉन कंपनीने २०१६ मध्ये या अस्त्राची निर्मिती थांबविण्याचे जाहीर केले. एवढे खरे.

परंतु विमान निवृत्त होणे, कारखाना बंद पडणे आणि अस्त्र सेवेतून जाणे या तीन अगदी भिन्न घटना आहेत, आणि पूर्वपक्षाचा सारा भ्रम या तिहींची गल्लत करण्यातून उद्भवतो. विमानास वैमानिक, इंधन, सुटे भाग आणि अखंड देखभाल लागते. बॉम्बला कोरडे कोठार आणि पहारेकरी पुरतो. ब्रिटिश बनावटीच्या बीएल-७५५ चेच उदाहरण घ्या. सात कप्पे, प्रत्येकात एकवीस, असे १४७ उपबॉम्ब पोटात बाळगणारे हे अस्त्र १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले, १९८२ च्या फॉकलंड युद्धात हॅरियर विमानांनी ते टाकले, आणि त्याच दशकात त्याची सौदी अरेबियास विक्री झाली. पुढे ब्रिटनने ते अस्त्र त्याज्य ठरविले, स्वतःच्या कोठारातून समूळ काढून टाकले. तथापि २०१६ च्या मे महिन्यात ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याचे अवशेष येमेनमध्ये सापडल्याचे दाखविले, आणि डिसेंबरात ब्रिटनचे संरक्षणमंत्री मायकेल फॅलन यांना, तीस वर्षांपूर्वी विकलेले तेच बॉम्ब येमेनच्या युद्धात वापरले गेल्याची कबुली पार्लमेंटात द्यावी लागली. विकणाऱ्याच्या दफ्तरी ज्याचे नाव खोडले गेले होते, ते विकत घेणाऱ्याच्या विमानाखाली लटकत होते! सीरियातही २०१२ पासून जे आरबीके जातीचे बॉम्ब पडले ते सोव्हिएत आमदानीतील घडणीचे होते.

आता स्वतःच्या घराकडे वळू. लष्करी संदर्भग्रंथांत भारताच्या नावासमोर बीएल-७५५ आणि आरबीके या दोन्ही जुन्या जातींची नोंद आहे. शिवाय २०१० मध्ये आपण जग्वार विमानांसाठी ५१२ सीबीयू-१०५ बॉम्बांचा करार केला, ज्यातील प्रत्येकात लक्ष्य हेरणाऱ्या चाळीस चकत्या असतात व लक्ष्य न सापडल्यास स्वतःस नष्ट करण्याची योजना असते. या नव्या अस्त्राच्या आडोशाने जुन्याचे समर्थन होऊ नये, असे मला तळमळीने वाटते. गुच्छास्त्रबंदीचा करार २००८ मध्ये डब्लिन येथे संमत झाला आणि १ ऑगस्ट २०१० पासून अमलात आला. चीन व पाकिस्तान त्याबाहेर असता भारताने एकट्याने सही करावी काय, या प्रश्नावर सरकारची अडचण मी समजू शकतो.

माझे म्हणणे त्याहून मर्यादित आहे. २०११ च्या नोव्हेंबरात जिनिव्हा येथे जो पर्यायी मसुदा चर्चेस आला, त्यात १ जानेवारी १९८० पूर्वी बनलेली गुच्छास्त्रे वर्ज्य करण्याचे कलम होते, आणि भारत त्या मसुद्याच्या बाजूस होता. तो फारच तोकडा आहे, या आक्षेपामुळे तो बारगळला, आणि आक्षेप योग्यच होता. परंतु जे अस्त्र सोडावयास आपण तेव्हा राजी होतो, ते आज देशरक्षणास अपरिहार्य आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे? लाओसवर १९६४ ते १९७३ या काळात सत्तावीस कोटींहून अधिक उपबॉम्ब पडले, त्यांतील सुमारे आठ कोटी फुटलेच नाहीत, आणि युद्ध संपल्यावर जन्मलेली मुले त्यांनी पांगळी केली. वयाने बॉम्ब निरुपद्रवी होत नाही, हे कलकत्त्याला निराळे सांगावयास नको: २०१८ च्या डिसेंबरात येथील गोदीत गाळ उपसताना दुसऱ्या महायुद्धातील सुमारे ४५० किलोचा बॉम्ब वर आला, तेव्हा सैन्यास पाचारण करावे लागले.

देशातील दारूगोळ्याच्या कारखान्यांचा कारभार २०२१ पर्यंत याच शहरातील आयुध निर्माणी मंडळाकडून चाले. आता तो पुण्यातील म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेला आहे. जुन्या गुच्छबॉम्बांची मोजदाद करून ती संसदेपुढे ठेवावी, त्यांची नवी खरेदी व निर्यात कायमची बंद करावी, आणि खडकी, वरणगाव, भद्रावती येथे ज्या कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या दारूगोळ्याचे काम केले, त्यांच्याच देखरेखीखाली हे बॉम्ब एकेक करून उलगडावेत. ब्रिटनला हे काम पाच वर्षांत साधले.