सुट्टीत एक दिवस तेरला

१८ मे हा जागतिक संग्रहालय दिन ऐन सुट्टीत येतो. त्या सुमारास संग्रहालये मुलांसाठी कार्यक्रम ठेवतात. पण पुष्कळदा चित्रकला स्पर्धा झाली, बक्षिसे वाटली की संपले! धाराशिव जिल्ह्यातील तेरचे संग्रहालय घ्या. गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंतून ते उभे राहिले. तेरच्या काही सातवाहनकालीन मूर्ती दोन साच्यांत माती दाबून, दोन्ही अर्धे जोडून घडवलेल्या आहेत. मग मुलांच्या हाती माती आणि साचा द्या ना! राजांची नावे ती पाठ करतातच. मूर्ती घडवणाऱ्याचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही. ते का, हे लेकरांनी तिथेच विचारावे. ऊन फार, वेळ आधी विचारून सकाळीच निघा.