अवजार आपले, अटी परक्याच्या

एकच सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड अशा निरनिराळ्या प्रणालींवर चालावे, प्रत्येकीसाठी ते नव्याने लिहावे लागू नये, अशी सोय करणारी साधने आज विपुल आहेत. त्यांतून निवड करताना वेग, सुलभता व किंमत पाहिली जाते. परवाना मात्र सहसा कोणी वाचत नाही. ही उपेक्षा किती महाग पडते, याचा दाखला ‘युनिटी’च्या प्रकरणाने दिला आहे.

संगणकीय खेळ रचण्याच्या या साधनाच्या मालक अमेरिकन कंपनीने १२ सप्टेंबर २०२३ रोजी जाहीर केले की, उत्पन्नाची व वापराची ठरावीक मर्यादा ओलांडणाऱ्या खेळांवर १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक नव्या इन्स्टॉलेशनमागे शुल्क आकारले जाईल. आधीच बाजारात आलेले खेळही त्यातून सुटणार नव्हते. प्रक्षोभ उसळताच दहा दिवसांत कंपनीने माघार घेत जुन्या आवृत्त्यांवरील खेळ वगळले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्कच रद्द केले. परंतु आपली वर्षांची मेहनत दुसऱ्याच्या मर्जीवर उभी आहे, हे तोवर सर्वांना कळून चुकले होते.

साधन घडविणाऱ्याने मोबदला घेऊच नये काय? अवश्य घ्यावा. आक्षेप शुल्काला नाही. काम उभे राहिल्यावर एकतर्फी अटी बदलण्याला आहे.

याला उपाय नाही असे नव्हे. नॉर्वेतील ‘ट्रोलटेक’ कंपनीच्या ‘क्यूटी’ या साधनावर ‘केडीई’ या मुक्त प्रकल्पाची उभारणी १९९६ साली सुरू झाली, तेव्हा त्याच्या परवान्यावरून मोठा वाद माजला. त्यातूनच १९९७ मध्ये ‘ग्नोम’ हा प्रतिस्पर्धी प्रकल्प जन्मला. पुढे १९९८ मध्ये कंपनी व केडीई यांनी करार करून एक प्रतिष्ठान स्थापिले. कंपनीने मुक्त आवृत्ती देणे थांबविल्यास क्यूटी उदार परवान्याखाली खुले करण्याचा अधिकार या प्रतिष्ठानाला मिळाला. त्यानंतर २००८ मध्ये क्यूटी नोकियाकडे आणि २०१२ मध्ये डिजियाकडे गेले. मालक बदलले, करार टिकला.

आपल्या महाविद्यालयांतून साधने शिकविताना हा फरक विद्यार्थ्यांना समजावून दिला पाहिजे. फुकट मिळणे ही सवलत असते, ती काढून घेता येते. परवान्याने मिळालेला हक्क तसा काढून घेता येत नाही. पहिली ओळ लिहिण्यापूर्वी परवान्याची शेवटची ओळ वाचावी, हेच शहाणपणाचे.