केक आपला, कचरा कुणाचा?

मित्रमैत्रिणींनो, घरी केक करायचा म्हटलं की आधी काय आणायचं? मैदा, साखर? छे! आमच्या वर्गातल्या मुलांनी यादी सांगितली ती बटर पेपर, फॉइल, कागदी वाट्या, क्रीमची प्लॅस्टिकची पिशवी आणि सोनेरी पुठ्ठ्याची! केक दहा मिनिटांत फस्त होतो. यादीतलं बाकी सगळं जातं कचऱ्याच्या डब्यात.

बटर पेपरचंच बघा. ओव्हनमध्ये चालणाऱ्या कागदावर बहुधा सिलिकॉनचा पातळ थर असतो, त्यात वर तूप लागलेलं. असा कागद रद्दीवाला कशाला घेईल? आणि तो हवाच असतो असंही नाही. डब्याला आतून तुपाचं बोट फिरवा, चमचाभर मैदा टाका, डबा गोल गोल फिरवून सगळीकडे लावा आणि उरलेला झटकून काढा. केक अलगद सुटतो. आपल्या कोकणात काकडीचं धोंडस करताना पातेल्यात केळीचं पान घालतात. वासही छान आणि नंतर पान खतात!

फॉइल ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियम मिळतं बॉक्साइटपासून, आणि बॉक्साइटच्या खाणी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातही आहेत. जुनं ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला नव्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. पण तेलकट, चुरगळलेला तुकडा भंगारापर्यंत पोचतो का? नाही ना! त्यापेक्षा झाकायला ताटली काय वाईट?

आता पालकांसाठी थोडं. 'पर्यावरणस्नेही' म्हणून रंगीबेरंगी सिलिकॉनचे साचे बाजारात मिळतात. ते पुन्हा पुन्हा वापरता येतात, हे खरं. पण सुरीने कापले गेले की संपले, आणि भंगारवाला ते सहसा घेत नाही. घरात ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा डबा असताना नवा साचा आणणं मला तरी पटत नाही. छोट्या केकसाठी स्टीलच्या वाट्या आहेतच. क्रीमसाठी जाड सुती कापडाचा कोन शिवा, टोकाला धातूचं नोझल बसवा. वापरल्यावर गरम पाण्यात धुवा आणि खडखडीत वाळवा, नाहीतर वास येतो. आणि ती प्लॅस्टिकची सुरी? एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या सुऱ्या, काटे, चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. कुणी दिलीच तर सरळ 'नको' म्हणा.

आपला डबा केवढा, हे कसं कळणार? सोपं आहे. वाटीने पाणी मोजत डबा भरा. बारा वाट्या मावल्या, तर मिश्रण सहा-सात वाट्यांहून जास्त नको. केक फुगायला जागा लागते, बरं का!

ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर पसरा, त्यावर छोटं स्टँड आणि स्टँडवर डबा. वर झाकण, खाली मंद आच. हे काम मात्र आई-बाबांबरोबरच करायचं. मीठ गार झालं की बरणीत भरा, पुढच्या केकला तेच चालतं. बरणीवर 'भाजायचं मीठ' अशी चिठ्ठी मात्र आठवणीने लावा. नाहीतर आजी आमटीत घालायची!