मावळा व्होल्डोसारखा रांगतो तेव्हा

सोलकॅलिबर ६ मध्ये मी लढाई कमी आणि शिंपीकाम जास्त केलंय. तलवारी-भाल्यांच्या या फायटिंग गेममध्ये स्वतःचा योद्धा घडवायची सोय आहे आणि एकदा का माणूस त्या दालनात शिरला, की जेवायला हाका मारल्या तरी बाहेर येत नाही. उंची, बांधा, कातडीचा रंग, आवाज सगळं आपल्या मनासारखं. माणूस नको असेल तर सरडेमाणूस घ्या, ममी घ्या, चालतं प्रेत घ्या. मग कपडे. त्यातल्या प्रत्येकाचा रंग वेगळा ठरवायचा, त्यावर नक्षी काढायची, नक्षीचा रंग पुन्हा वेगळा. वर आणखी सुट्या वस्तू लहानमोठ्या करून अंगावर पाहिजे तिथे चिकटवता येतात. या चिकटवण्याच्या सोयीने जगभरातल्या खेळाडूंच्या अंगात जे काही संचारलंय ते बघण्यासारखं आहे. ऑनलाइन सामना लावावा तर समोर कधी कार्टूनमधलं ओळखीचं पात्र उभं, कधी विदूषक, कधी नुसतं एक चालतंबोलतं फर्निचर. आणि ते फर्निचर आपल्याला बेदम मारतं.

आपल्याकडे गेम पार्लरमध्ये वाढलेल्या पिढीला टेकन ३ पाठ आहे, सोलकॅलिबर तितकं नाही. दोन्ही नामकोचीच अपत्यं. टेकनमधला तलवारवाला योशिमित्सु आठवतोय? सगळे हातापायांनी लढत असताना हा एकटाच तलवार घेऊन यायचा आणि त्याचे काही वार ब्लॉकच करता यायचे नाहीत, म्हणून पार्लरमध्ये त्याच्यावरून भांडणं व्हायची. सोलकॅलिबरमध्ये सगळेच हत्यारबंद. योशिमित्सु तिथेही आहे, पण चारचौघांतला एक.

मालिकेची सुरुवात ‘सोल एज’पासून झाली. आधी आर्केडमध्ये आणि मग १९९६ मध्ये प्लेस्टेशनवर. त्यात एक झकास कल्पना होती. समोरच्याचे वार नुसते अडवत बसलात तर हत्यार झिजायचं आणि शेवटी हातातच मोडायचं. मग रिकाम्या हाताने लढा. पुढच्या भागात ही कल्पना काढून टाकली, याचं मला अजून वाईट वाटतं. तो पुढचा भाग म्हणजे १९९८चं ‘सोलकॅलिबर’. १९९९ मध्ये ते ड्रीमकास्टवर आलं आणि जपानच्या ‘फामित्सु’ मासिकाने त्याला ४० पैकी ४० गुण दिले. त्याआधी पैकीच्या पैकी मिळवणारा गेम एकच, आदल्या वर्षीचा ‘झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम’. ड्रीमकास्ट पुढे बुडालं, सेगाने कन्सोल करणंच सोडलं, पण त्या यंत्राचं नाव निघालं की लोक अजून सोलकॅलिबरचंच नाव घेतात.

हत्यारांचे फायटिंग गेम त्याआधीही होते. एसएनकेचा ‘सामुराई शोडाउन’ १९९३चा. १९९७च्या ‘बुशिडो ब्लेड’ने तर एका नेमक्या वारात सामना संपवायची हिंमत केली. तलवार लागली तर माणूस मरणारच, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण त्याने खेळ फार लवकर संपायचा. सोलकॅलिबरने मधला रस्ता धरला. इथे तलवारीने शंभर वेळा कापला तरी गडी उठून उभा राहतो. खोटंच आहे ते. पण हत्याराची लांबी मात्र खरी आहे. किलिकची काठी लांबून पोचते, टाकीच्या दोन आखूड पात्यांना अंगाशी भिडल्याशिवाय काही करता येत नाही. सीगफ्रीडची माणसाएवढी तलवार एकदा फिरायला लागली की थांबवता येत नाही. चुकली तर तेवढ्या वेळात समोरचा तीनदा मारून जातो. आयव्हीची तलवार मधेच तुकड्यातुकड्यांनी सुटून चाबूक होते, ते खरं काही नाही, पण बघायला फार छान.

बटणं चार. आडवा वार, उभा वार, लाथ आणि बचाव. उभा वार जड असतो, पण सरळ रेषेत येतो, म्हणून बाजूला सरकून चुकवता येतो. बाजूला सरकणाऱ्याला गाठायला आडवा वार. आणि उंचावरून येणारा आडवा वार खाली बसून डोक्यावरून घालवायचा. या तीन गोष्टींवर सगळा डोलारा उभा आहे. पहिल्या सोलकॅलिबरपासून मैदानात आठही दिशांना मोकळं फिरता येतं, त्यामुळे हे सरकणं जिवंत झालं. त्यातच रिंगआउट: कडेवरून खाली पडलात की राउंड गेली, आयुष्य कितीही शिल्लक असो. कडेला पाठ करून उभा राहिलेला कसलेला खेळाडूसुद्धा घाबरतो आणि पहिल्यांदाच कंट्रोलर हातात घेतलेली पाहुण्यांची मुलगी त्याला एका लाथेत खाली पाडते. बटणं बडवणाऱ्यांना इतका मान देणारा दुसरा गंभीर फायटिंग गेम मला माहीत नाही.

आता कपड्यांकडे परत येतो, कारण भांडण तिथे आहे.

स्वतःचा योद्धा घडवायची सोय २००५ मध्ये सोलकॅलिबर ३ ने आणली. त्या भागात एक मोठी गोष्ट होती जी पुढे हरवली. घडवलेल्या योद्ध्यांसाठी वेगळी हत्यारं आणि त्यांचे वेगळे डावपेच होते, जे मूळ कथेतल्या पात्रांकडे नव्हते. खंजिरीसारखं तंबोरीन वाजवत लढणारी नर्तकी त्यात करता यायची. हे डाव नायकांच्या डावांइतके भरघोस नव्हते, पण ते त्यांचे स्वतःचे होते. २००८च्या चौथ्या भागाने हे काढून टाकलं. तेव्हापासून तुम्ही घडवलेल्या माणसाला गेममधल्या कुणातरी ठरलेल्या पात्राची लढायची पद्धत घ्यावी लागते. मित्सुरुगीची कताना, नाहीतर किलिकची काठी, नाहीतर अ‍ॅस्टरॉथचा परशू. चेहरा आणि कपडे तुमचे, हालचाल दुसऱ्याची. पाचव्या भागात फक्त घडवलेल्या पात्रांसाठी एक पद्धत ठेवली होती, तीही टेकनमधल्या डेव्हिल जिनची, म्हणजे हत्याराच्या गेममध्ये बिनहत्यारी. गंमत म्हणून ठीक आहे.

याचा खरा अर्थ मला मावळा करायला बसल्यावर कळला. गेमचं कथानक सोळाव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकातलं, म्हणजे महाराजांचा जन्म अजून चाळीसेक वर्षं लांब. पण ज्या गेमच्या चौथ्या भागात डार्थ व्हेडर आणि योडा येऊन गेले, तिथे चाळीस वर्षांचा हिशेब कोण विचारतो? अंगरखा जमला. कमरेला शेला जमला. डोक्याला मिळेल ते गुंडाळून पगडीसारखं काहीतरी झालं. लांबून बघितलं तर पगडीच. मिशा उत्तम. राहिलं हत्यार. मावळ्याला दांडपट्टा हवा, आणि दांडपट्टा या गेममध्ये नाही.

कताना दिली तर तो मावळ्याचे कपडे घातलेला सामुराई होतो. युरोपियन सरळ तलवार दिली तर निदान फिरंगी पात्याची आठवण येते, पण ढालतलवारीची पद्धत ग्रीक सोफिटियाची; तिचा डौल मिशीवाल्या गड्याच्या अंगावर चढला की कसंसंच दिसतं. मग आठवलं, गेममध्ये एक अस्सल हिंदुस्थानी हत्यार पहिल्यापासून आहे. कट्यार. दोन कट्यारी. पण त्या आहेत व्होल्डोकडे.

व्होल्डो हा इटालियन. व्हेर्ची नावाच्या मेलेल्या व्यापाऱ्याच्या खजिन्याची राखण करता करता आंधळा झालेला, वेडा झालेला. त्याच्या हत्यारांची नावं मानस आणि आयुस, जपानी गेममधल्या इटालियन पात्राच्या हातात संस्कृत नावाच्या कट्यारी, चालायचंच. (किलिकच्या काठीचं नाव तर कलियुग आहे.) मुठीची पकड अगदी बरोबर आहे, आडवी, पात्याला काटकोनात, जशी कट्यारीची असते. पट्ट्याच्या पोलादी हातमोज्याच्या आतही आडवीच पकड असते, म्हणून मी खूष झालो. मग सामना सुरू केला. माझा मावळा समोरच्याकडे पाठ करून उभा राहिला. कंबर मागे मोडून चार पायांवर आला. पोट आभाळाकडे करून खेकड्यासारखा सरपटत गेला आणि सरपटता सरपटता त्याने समोरच्याच्या घोट्यात कट्यार खुपसली. पगडी जमिनीला घासत होती.

ही व्होल्डोची पद्धत आहे आणि ती अप्रतिम आहे. पाठ करून लढणारं, इतका विचार करून घडवलेलं दुसरं पात्र फायटिंग गेममध्ये मिळणं कठीण. क्रिस ब्रँट या माणसाने दोन व्होल्डो समोरासमोर उभे करून, वार न करता, नुसत्या चालीवर गाण्याच्या ठेक्यात नाचवले आणि तो व्हिडिओ गेमच्या जगात गाजला. पण ती हालचाल व्होल्डोच्या अंगाची आहे. त्याचं आंधळेपण, त्याचं वेड, तळघरातली त्याची वर्षं सगळी त्या सरपटण्यात आहेत. दुसऱ्या कुणाच्या अंगावर ती चढवली की नुसती टवाळी होते.

फायटिंग गेममध्ये पात्र म्हणजे चेहरा नव्हे, पात्र म्हणजे हालचाल. आणि कस्टमायझेशनच्या नावाखाली आपल्याला चेहरा, टोप्या, शेपट्या, पंख सगळं देतात, हालचाल तेवढी देत नाहीत.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती कच्ची नाही. एका पद्धतीत शंभराहून जास्त मूव्ह असतात. प्रत्येकीची गती, पल्ला, लागल्यावर समोरचा किती वेळ हलत नाही, हे सगळं बाकी सगळ्या पात्रांशी ताडून बघावं लागतं. एक मूव्ह बिघडली तर ऑनलाइन गर्दी महिनाभर तेवढी एकच मारत बसते. शिवाय समोरच्याला आपण काय करतोय ते वाचता आलं पाहिजे. समोर विदूषक असो की सरडा, त्याच्या हातात मित्सुरुगीची पद्धत आहे एवढं ओळखलं की काय येणार याचा अंदाज लागतो. जो तो स्वतःचे डाव शिवायला लागला तर वाचणंच संपेल. म्हणूनच चौथ्या भागात कपड्यांना ताकद जोडली तेव्हा घोळ झाला. अमुक शिरस्त्राण घातलं की वार जास्त लागतो, तमुक चिलखताने आयुष्य वाढतं. निर्मात्यांनाही ते कळलं असावं. कारण कपड्यांची ताकद न मोजणारा साधा सामना त्यांनी त्याच भागात वेगळा ठेवला होता. पुढच्या भागांनी कपडे फक्त कपडे ठेवले, ते शहाणपण झालं.

तरी माझं म्हणणं कायम आहे. मला माझे डाव शिवायचे नाहीत. मला निवडायला जास्त अंगं हवीत. सहाव्या भागात ‘विचर’मधला गेराल्ट आला, मग ‘निअर: ऑटोमाटा’ची टूबी, मग सामुराई शोडाउनचा हाओमारू. तिघेही तलवारवाले, आणि तिघेही दुसऱ्या गेमची जाहिरात. पाहुण्यांवर केलेल्या त्या मेहनतीत एखादी नवी, कुणाच्याही मालकीची नसलेली पद्धत बसली असती, तिसऱ्या भागात होती तशी.

आणि ती पट्ट्याची का नको? आपल्याकडचा म्हणून नव्हे. यंत्र म्हणून पट्टा जगातल्या दुसऱ्या तलवारींसारखा चालत नाही. हात कोपरापर्यंत पोलादी मोज्यात जातो, मनगट अडकतं. तलवारबाजीतलं मनगटाचं सगळं कौशल्य इथे बाद. वार खांद्यातून आणि कमरेतून निघतो, म्हणून पट्टेबाज सारखा फिरत असतो. कोल्हापूरचे मर्दानी खेळ ज्यांनी पाहिलेत त्यांना ते माहीत आहे: गिरक्या, उड्या, आणि मधेच ठेवलेलं लिंबू अचूक दोन तुकडे. एवढ्या लांब पात्याने, मनगट न वापरता, हे करायला काय लागतं ते अ‍ॅनिमेशन करणाऱ्याने बघावं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला तेव्हा त्यातल्या नायिकेच्या त्रिशुळाच्या गिरक्यांत हे थोडं दिसलं होतं, पण तो फायटिंग गेम नव्हे.

सोलकॅलिबरच्या चार बटणांवर पट्टा बसवून बघा. आडवा वार हा त्याचा राजा: गिरकी घेत घेत तीन, चार, पाच, प्रत्येक वेळी बाजूला सरकणाऱ्याला गाठणारा. उभा वार हळू, कारण हात वर नेऊन खाली आणायला सगळं अंग लागतं. भोसकणं फार लांबवर पोचणारं, पण चुकलं तर हात मागे यायला वेळ. गिरकीच्या मधे एक क्षण समोरच्याकडे पाठ होते, तिथे कुणी उभा वार टाकला तर मेलात. बचावाला पोलादी मोजाच ढाल म्हणून पुढे करायचा. आणि समोरचा अगदी अंगाशी भिडला, पातं फिरवायला जागाच उरली नाही, तर दुसरं काही नाही, लाथ.

— खेळगडी