टँकमधला फुकट्या पाहुणा

आमच्या खाप्याला कन्हान नदी आहे, समुद्र नाही. तरी धाकट्या भावाने तिथे खाऱ्या पाण्याचा टँक थाटलाय. रविवारी रात्री फोन : "ताई, दगडावर तपकिरी फूल उगवलंय. हात लावला की झटकन आत! कसलं क्यूट!"

फोटो बघितला. बोंबला! हे एप्टेशिया, दगडासोबत फुकटात आलेलं. शेजाऱ्यांना डंख मारतं आणि बघता बघता टँकभर पसरतं.

"ब्लेडने खरवडू?"

"अजिबात नको! उरलेल्या तुकड्यातून नवं उगवतं. पेपरमिंट श्रिंप आण, ती कोळंबी ते खाते." (मूड असेल तर!)

आणि किळस येऊन त्याने चिमट्याने फेकलेला केसाळ किडा? तो ब्रिसल वर्म. हाताला टोचतो खरा, पण उरलंसुरलं खाऊन टँक साफ ठेवणारा तोच.

"पण ताई, मी फुलाचं नाव ठेवलंय..."